मुंबई-नागपूर विमान आणि आमचं मेहकर

लहानपणी मेहकरला गच्चीवर झोपलो की वरून विमानांचे दिवे सरकताना दिसायचे. बाबा म्हणायचे, "मुंबई-नागपूर असणार." मागच्या रविवारी ते एकदाचं तपासलं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि दहा ओळींचा कोड लिहिला. सरळ हवाई अंतर निघालं साधारण ६८० किलोमीटर. आणि मध्यबिंदू? चक्क देऊळगाव राजाच्या आसपास! विमानं अगदी सरळ रेषेत जात नाहीत हे मान्य, पण बाबांचा अंदाज बरोबर होता.

हा रस्ता तसा जुना आहे. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपुरात भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. नागपूर का? तर देशाच्या मध्यावर म्हणून. ताशी पावणेतीनशे किलोमीटर वेग धरला तर डाकोटाला मुंबईहून अडीच तास लागत असणार. म्हणजे निघाल्यावर सव्वा तासाने ती आमच्या डोक्यावर! आजच्या जेटला वेळापत्रकात दीडेक तास देतात, आणि त्यातलाही बराच वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि चढण्या-उतरण्यात जातो.

पण मधल्या माणसाचं काय? शेजारच्या अकोल्यात शिवणीचा विमानतळ १९४३ मध्येच बांधला गेला. मात्र धावपट्टी लहान, विस्तार रखडलेला, त्यामुळे तिथून नियमित प्रवासी सेवा नाही. मेहकरला तर अजून रेल्वेही नाही.

२०२१ मध्ये बाबा अचानक आजारी पडले. आई फोनवर म्हणाली, "विमानानं ये, लवकर पोचशील." मी पुण्यात लॅपटॉप उघडून बसलो. नागपूरला उडायचं, म्हणजे आधी घरावरूनच पुढे जायचं आणि मग अडीचशेहून जास्त किलोमीटर उलटं यायचं! शेवटी नेहमीची रात्रीची ट्रॅव्हल्सच पकडली. पोचलो तेव्हा बाबा उठून चहा पीत होते, हे नशीब.

पुढे समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा, आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर. गंमत म्हणजे आमच्या जिल्ह्यात तो साधारण त्याच हवाई रेषेखालून जातो. फरक एवढाच, की याला मेहकरला उतरता येतं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचा बेलोरा विमानतळही सुरू झाला. तो विदर्भासाठी चांगलाच, पण आमच्यासाठी पुन्हा पुढे जाऊन मागे येणं आलंच.

म्हणून आता कोणी "फ्लाइट किती तासांची?" असं विचारलं की मी आधी विचारतो, "उतरल्यावर घर किती लांब?"

असो. बाबांना मध्यबिंदूचं सांगितलं. म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"