मत न देणाऱ्याचं म्हणणं

मत न देणाऱ्या माणसाला आळशी ठरवून मोकळं होणं सोपं असतं. आज आम्हाला त्याची बाजू आधी नीट मांडायची आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात त्याच्याजवळ कारणं आहेत.

पहिलं कारण इतिहासाचं. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. आज तालुक्याला नाव त्या बुडालेल्या गावाचं आणि कचेरी घोडेगावला. पाणी कालव्यांनी पूर्वेला गेलं, तिथली शेती बागायती झाली. हे सगळं निवडून आलेल्या सरकारांच्याच काळात घडलं ना? मग ‘कुणीही आलं तरी आमचं तेच’ हा निव्वळ वैताग कसा म्हणायचा?

दुसरं कारण हिशेबाचं. लाखो मतांत एका मतानं काय होतं? अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकानं १९५७ मध्ये हाच हिशेब मांडला. आपलं मत निर्णायक ठरण्याची शक्यता इतकी कमी, की केंद्रापर्यंतची पायपीटही महाग पडावी. यावर लोक राजस्थानातलं नाथद्वारा दाखवतात. २००८ मध्ये तिथं सी. पी. जोशी एका मतानं हरले. आपल्या आंबेगावात २०२४ ला दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवाराशी नाव जुळणाऱ्या एका अपक्षाला त्याहून जास्त मतं पडली होती. पण १,५२३ म्हणजे एक नव्हे. तेव्हा हिशेबात त्याला हरवता येत नाही, हे आपण मान्य करू.

मग केंद्रावर जायचं कशासाठी? मोजणीनंतर ‘नमुना २०’ नावाचा तक्ता निघतो. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं, ते त्यात असतं. कार्यकर्ते तो बारकाईनं वाचतात. धरणाचा राग धरून न आलेला, मजुरीला बाहेरगावी गेलेला आणि घरी झोपून राहिलेला, हे तिघं त्या तक्त्यात सारखेच.

नकार नोंदवायची सोय पूर्वीही होती. १९६१ च्या नियमांतल्या ४९-ओ प्रमाणे केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, वहीत शेरा लिहिला जायचा, त्यावर सही किंवा अंगठा द्यायचा. शेजारी गावातलेच पोलिंग एजंट बसलेले! वाडीतला माणूस हे धाडस कसं करणार? सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१३ ला हीच अडचण ओळखून यंत्रावर ‘नोटा’चं बटण द्यायला सांगितलं. त्यामुळे नकार गुप्त राहिला आणि मोजलाही जाऊ लागला.

नोटाला दात नाहीत, हा आक्षेप खरा आहे. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात बोरी ग्रामपंचायतीला ८५ टक्क्यांवर मतं नोटाला पडली होती. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं महापालिका-नगरपालिकांसाठी आदेश काढला, की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे जुन्नरच्या नगरपालिकेलाही तो लागू.

डोंगरातल्या त्या माणसानं कुणाला तरी पसंत करावंच, असं आम्ही म्हणणार नाही. त्याचं गाऱ्हाणं खरं आहे, म्हणूनच ते आकड्यात उतरायला हवं. घरी बसून ते उतरत नाही. निवड त्याची, पण ही गोष्ट त्याला माहीत असायला हवी.