खडक, डोह आणि नांगर : वऱ्हाडच्या बालाघाटातील नदी-मासेमारीचा एक उपेक्षित भाग

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापूस, जमीनमहसूल आणि बाजारपेठा यांना जे स्थान लाभले, त्याचा अल्पांशही नदीतील मासेमारीच्या वाट्याला आलेला नाही. याचे कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. शेताची मोजणी होते व त्याची नोंद दप्तरात राहते; पाण्याखालच्या खडकाची जागा मात्र होडी हाकणाराच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबरच नाहीशी होते. या ज्ञानाचे स्वरूप काय होते व ते का दुर्बल झाले, एवढाच प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतला आहे.

बल्लाळदेवीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले अमडापूर चिखली–खामगाव मार्गावर, बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. या पठाराच्या उत्तर उतारावरचे पाणी तापीला मिळणाऱ्या पूर्णेकडे जाते. दक्षिणेकडील पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांवाटे अखेरीस गोदावरीस मिळते. खडकपूर्णेच्या नावातच तिच्या पात्राचे वर्णन आहे. दख्खनचा काळा पाषाण थराथरांनी बनलेला असल्यामुळे मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर आडव्या पायरीसारखा उरतो आणि त्याच्या पायथ्याशी डोह तयार होतो. कुकडी नदीतील निघोजचे रांजणखळगे हे अशाच झिजेचे सुपरिचित उदाहरण होय. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला म्हणजे मरळ, वाम आदी मासे डोहांच्या आश्रयास येतात. म्हणूनच डोह हे मासेमारीचे केंद्र ठरले, आणि म्हणूनच सुरुंग व विष यांचा उपद्रवही तेथेच अधिक संभवतो. 1897 च्या मत्स्यविषयक कायद्याने हे दोन्ही उपाय निषिद्ध ठरविले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

लिखित साधनांत कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ अग्रगण्य आहे. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात सुमारे 35 प्रकारचे मासे आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांचे विवेचन आहे. सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्याकडे प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. परंतु हा राजाचा विनोद आहे, उपजीविका नव्हे. रसेल आणि हीरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात धीमर व भोई यांची मासेमारी, पालखी वाहणे आणि शिंगाड्याची लागवड यांची माहिती मिळते. पण तिचा रोख जातींच्या चालीरीतींवर आहे, पात्रातील जागांवर नाही.

ही जागा शोधण्याची रीत साधी, पण काटेकोर असते. वैशाखात पात्र उघडे पडते, त्या वेळी खडकाची कड पाहून ठेवावयाची. पावसाळ्यानंतर तोच खडक पाण्याखाली गेला म्हणजे काठावरच्या दोन खुणा, उदाहरणार्थ देवळाचा कळस व त्यामागचे झाड, एका रेषेत आणावयाच्या. दुसऱ्या दिशेच्या दोन खुणांची रेषा जेथे पहिलीस छेदते, तेथे खडक असतो. बांबू टेकवून खोलीचा पडताळा घेतला जातो; पाण्यावरची भोवऱ्याची वळी हीही साक्ष देते.

नांगर टाकणे हे त्याहून जोखमीचे काम होय. नांगर थेट खडकावर टाकला तर गुळगुळीत पाषाणावरून घसरतो किंवा भेगेत अडकून बसतो. म्हणून होडी खडकाच्या वर, प्रवाहाच्या उगमाकडील बाजूस, वाळू-गोट्यांच्या तळावर नेऊन तेथे नांगर किंवा दोराला बांधलेला धोंडा सोडावयाचा आणि खोलीच्या कित्येक पट दोर ढिला देत होडी हळूहळू खडकाच्या कडेवर आणावयाची. दोर नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा लागतो. तो बाजूस बांधल्यास प्रवाह होडी उलथवतो. खडकाच्या आडोशाच्या संथ पाण्यात मासा विसावतो, आणि गळाचे आमिष प्रवाह स्वतःच तेथवर वाहून नेतो.

पैनगंगेवर पेनटाकळी आणि खडकपूर्णेवर देऊळगाव मही येथे धरणे झाल्यावर पात्राच्या त्या त्या भागात हा संबंधच पालटला. प्रवाहाच्या जागी जलाशय आला. कटला, रोहू यांचे बीज सोडून जाळ्याने मासे धरण्याची पद्धत महाराष्ट्रातील जलाशयांत रूढ झाली. गळासाठी जो खडक उपकारक होता, तोच आता जाळे फाडणारा शत्रू ठरला. त्यामुळे खडकाचे ज्ञान निरुपयोगी झाले असे मात्र नव्हे. पूर्वी ते खडकाजवळ जाण्यासाठी लागे, आता ते त्याला टाळण्यासाठी लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डोहांची नावे व काठांवरच्या खुणा ही ऐतिहासिक साधनेच आहेत, आणि शिलालेखांप्रमाणे ती एका जागी टिकून राहणारी नाहीत. उन्हाळ्यात जलाशय ओसरून जुने पात्र जेथे पुन्हा उघडे पडते, तेथे काठच्या वृद्ध भोयांसमवेत ती नावे व खुणा नकाशावर टिपून घेणे शक्य आहे. या कामास विलंब लागल्यास खडक राहतील. त्यांची नावे मात्र राहणार नाहीत.