वाचनालयाचा पत्ता: शिक्क्यापासून फूटरपर्यंत

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल: वाचनालयाचा पत्ता.

वाचनालयाचं एखादं जुनं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर शिक्का, मधल्या एका ठरावीक पानावर पुन्हा तोच. त्यात नाव आणि गाव, बस्स. पुण्यात 1848 साली नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्या काळी एवढं पुरायचं. वाचक गावातलेच, आणि टपाल आणणाऱ्याला सगळं तोंडपाठ. आपल्या सोलापुरात आजही हिराचंद नेमचंद वाचनालय म्हटलं की जुना रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही.

अडचण होते ती बाहेरच्या माणसाची. शुक्रवार पेठ, बुधवार पेठ, मंगळवार पेठ सोलापुरात आहेत, तशा पुण्यातही आहेत. त्यात कोणी शोलापूर लिहितो, कोणी सोलापूर. सारखी नावं, चुकीची स्पेलिंगं आणि वेगवेगळ्या लिप्या हा घोळ टपाल खात्याला देशभर छळत होता. त्यावर 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मूळचे कोकणातले, टपाल खात्यात अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी! आता 413 दिसलं की आपण सोलापूर म्हणतो खरं, पण बारामती आणि लातूरही 413 मध्येच येतात. सहाच्या सहा आकडे लिहायचे ते यासाठी.

फोनचंही तसंच. सोलापूरचे लँडलाइन नंबर आधी सहा आकडी होते, मग पुढे 2 लागला आणि ते सात आकडी झाले. पाट्यांवरचे नंबर मात्र बरेच ठिकाणी तसेच राहिले.

आणि वेबसाइट? एका वाचनालयाचं पान मी मध्यंतरी पाहिलं. इमारतीचा फोटो झकास, संस्थेचा इतिहास सविस्तर. पत्ता मात्र निमंत्रणपत्रिकेच्या फोटोत! फोटोतली अक्षरं धड सर्चला सापडत नाहीत, कॉपी होत नाहीत, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर तिथे काहीच नसतं.

यात नुकसान कुणाचं? अभ्यासिकेत जागा मिळेल का हे बघायला बार्शीहून, अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या पोरांचं. साप्ताहिक सुट्टी निघाली की तिकीट गेलं आणि दिवसही गेला. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळाले, अनुदान मिळालं. मग वेळा लिहायला काय हरकत आहे?

काम अर्ध्या तासाचं आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी साध्या मजकुरात नाव, पेठ, जवळची खूण, पूर्ण पिनकोड, 0217 सकट फोन, सुट्टीचा वार. शाखा असतील तर प्रत्येकीचं वेगळं. आणि दुपारी बंद असेल तर तेही लिहा हो, सोलापूरच्या मे महिन्यात कुलूप बघायला कोण येणार?