ताटाशेजारचा पेला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वाइनचा विषय काढला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला ती निव्वळ दारू वाटते, तर दुसऱ्याला उंची हॉटेलातली चैन. कशाबरोबर कोणती वाइन घ्यावी हे सांगणारी पुस्तकेही आता भरपूर मिळतात. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, एवढे तर न पिणाऱ्यालाही ठाऊक असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. या जोड्या जमवल्या कोणी? आणि तो पेला ताटाशेजारी टिकून राहावा म्हणून किंमत कोणी मोजली?

उत्तरासाठी आपण दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉक प्रांतात जाऊ. भूमध्य समुद्राच्या काठचा हा प्रदेश. उन्हाळा कडक, पाऊस बेताचा, माती अनेक ठिकाणी खडकाळ. बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे गाव आहे. तिथल्या द्राक्ष बागायतदारांनी १९०१ साली एली काताला यांच्या पुढाकाराने एक संस्था काढली. नाव ठेवले ‘स्वतंत्र द्राक्षउत्पादक’. १९०५ मध्ये तिची स्वतःची वाइनरी उभी राहिली. ‘प्रत्येकासाठी सर्व, सर्वांसाठी प्रत्येक’ हे तिचे ब्रीद. फ्रान्समधील आद्य सहकारी वाइनरी म्हणून ती ओळखली जाते. समाजवादी नेते जाँ झोरेस त्याच वर्षी ती मुद्दाम पाहायला आले होते. या संस्थेची वाइन कुठल्या राजवाड्यात जात नव्हती. पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक संस्था तिचे पिंप विकत घेत. व्यापाऱ्याला मध्ये न घेता शेतकऱ्याचा माल थेट कामगाराच्या जेवणात पोचत होता.

असे करण्याची वेळ का आली? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वे आली आणि लांगदॉकची वाइन उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत जाऊ लागली. मागणी वाढली तशी शेतकऱ्यांनी आरामों नावाची भरघोस पिकणारी जात लावली. वाइन पातळ आणि फिकट, पण स्वस्त. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा ही बारीक कीड आली. ती मुळांवर जगते. बघता बघता बागा वाळू लागल्या. १८६८ मध्ये मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांवरची कीड शोधून काढली. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच! तिथल्या रानटी द्राक्षाची मुळे ही कीड सोसतात. त्या खुंटावर फ्रेंच जातींचे कलम बांधायचे, हा तो उपाय. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना यात काही नवल वाटणार नाही. तेही डॉगरिज या अमेरिकी खुंटावरच कलम करतात, मात्र त्यांचे कारण मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षार हे आहे.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण मधल्या टंचाईच्या काळात एक वाईट सवय लागून गेली होती. चोथ्यावर पाणी आणि साखर घालून ‘दुसरी’ वाइन काढायची, बेदाणे भिजवून वाइन करायची. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या रसापासूनच झालेले पेय, असा कायदा १८८९ मध्ये झाला, पण भेसळ थांबली नाही. १९०३ मध्ये साखरेवरचा कर घटला तेव्हा तर तिला जोरच आला. अल्जीरियातूनही माल येत होता. भाव कोसळले. तळघरात वाइन भरलेली आणि घरात पीठ नाही, अशी शेतकऱ्याची अवस्था झाली.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या खेड्यातले ८७ जण पायी नार्बोनला निघाले. चौकशीसाठी आलेल्या संसदीय समितीपुढे त्यांना गाऱ्हाणे मांडायचे होते. त्यांचा म्होरक्या मार्सलँ आल्बेर हा गावात कॉफीचे दुकान चालवणारा छोटा बागायतदार. पुढच्या रविवारांपासून सभा सुरू झाल्या आणि दर रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जून रोजी मोंपेलिएत पाच लाखांहून अधिक माणसे जमली, असे मानले जाते. कर भरायचा नाही असे ठरले, आणि शेकडो गावांच्या महापौरांनी राजीनामे दिले.

पंतप्रधान क्लेमान्सो यांनी सैन्य धाडले. नार्बोनचे महापौर फेरूल यांना १९ जूनला अटक झाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नार्बोनमध्ये गोळ्या चालल्या. सहा जणांचे प्राण गेले. त्यांत बाजाराला आलेली २० वर्षांची एक मुलगी होती. ही बातमी कळताच १७ व्या पायदळ पलटणीच्या सुमारे ५०० शिपायांनी हुकूम मोडला आणि ते रातोरात चालत बेझिएला आले. ही मुले त्याच भागातल्या बागायतदारांची. बापावर बंदूक रोखायला ती तयार नव्हती. पुढे त्यांची रवानगी ट्युनिशियातल्या गाफ्सा येथे झाली.

आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमान्सोंना भेटला. परतीच्या भाड्यासाठी त्याने १०० फ्रँक घेतले आणि ती गोष्ट क्लेमान्सोंनी वर्तमानपत्रांच्या कानी घातली. भोळा माणूस एका नोटेपायी आपल्याच लोकांत बदनाम झाला. १९२१ मध्ये तो गरिबीतच वारला. पण चळवळ वाया गेली नाही. २९ जून १९०७ रोजी भेसळीविरुद्धचा कायदा मंजूर झाला. पिकाची आणि साठ्याची नोंद देणे बंधनकारक झाले, साखरेच्या वापरावर अंकुश आला. मारोसाँची वाट चोखाळून गावोगाव सहकारी वाइनरी उभ्या राहिल्या.

आता ताटाकडे वळू. लांगदॉकमधल्या जोड्या कुणा तज्ज्ञाने बसून ठरवलेल्या नाहीत. शेजारी जे पिकले तेच एकमेकांच्या सोबतीला आले. तो नावाच्या खाऱ्या सरोवरात बूझिग गावचे लोक कालवे वाढवतात. सरोवराच्या भोवताली पिकपूल जातीचे पांढरे द्राक्ष होते. त्याची वाइन आंबटसर आणि कोरडी. खारट कालवावर आपण लिंबू पिळावे, तेच काम ती करते. आत कास्तेलनोदारीकडे गेले की कासुले मिळते. पांढरा घेवडा, बदक आणि सॉसेज मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवायचे. हे जड, तुपकट जेवण. त्याला कारिन्याँसारख्या द्राक्षाची तुरट लाल वाइन लागते. तिचा तुरटपणा जिभेवरचा चरबीचा थर पुसून काढतो. जेवणानंतर सुपारी चघळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फ्रोंतिन्याँची मस्कात वाइन गोड असते. रस आंबत असतानाच त्यात मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते. ती मेंढीच्या दुधाच्या, खारट निळ्या रोकफोर चीजबरोबर घेतात. गोडाला खारटाची जोड आपल्यालाही परकी नाही.

या मुलुखात हिंदुस्थानचाही एक धागा सापडतो. पेझना गावी मटण, साखर आणि लिंबाची साल घातलेले छोटे, रिळाच्या आकाराचे पाव मिळतात. प्लासीवाला रॉबर्ट क्लाइव्ह १७६८ मध्ये हवापालटासाठी तिथे राहिला होता. त्याच्या हिंदी आचाऱ्यांनी ही कृती गावच्या भटारखान्यांना शिकवली, असे पेझनाचे लोक सांगतात. त्या गोड-तिखट घासाबरोबरही ते पांढरी वाइन ओततात.

काळ पुढे सरकला. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये माणशी वर्षाला १०० लिटरहून अधिक वाइन खपे. आता ती निम्म्याहूनही कमी झाली आहे. कामगाराच्या डब्यातली स्वस्त वाइन संपली. लांगदॉकच्या बागायतदारांनी पुष्कळ वेली उपटल्या आणि उरलेल्यांत दर्जाकडे लक्ष दिले. फोजेर आणि सें-शिन्याँ या भागांना १९८२ मध्ये, मिनेर्व्हा आणि कोर्बिएर यांना १९८५ मध्ये, तर पिकपूलच्या पिने गावाला २०१३ मध्ये स्वतंत्र नामांकन मिळाले. एके काळी केवळ मिसळणीच्या कामाची समजली जाणारी कारिन्याँची जुनी, कमी पिकणारी झाडे आज मानाने जपली जातात.

वाइन प्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी त्याविषयी काही सांगणार नाही. पण बाटलीवर गावाचे नाव असते त्यामागचा अर्थ कळायला हवा. आत जे आहे ते द्राक्षाचेच आहे आणि याच मातीतले आहे, एवढी साधी हमी ते नाव देते. दूध असो, तेल असो की मध, ही हमी आपल्यालाही हवीच असते. लांगदॉकच्या शेतकऱ्यांनी ती मागितली तेव्हा नार्बोनच्या रस्त्यावर सहा माणसे पडली. कालवांच्या ताटलीशेजारी ठेवलेला पिकपूलचा पेला पाहिला की मला त्या ८७ जणांची पायपीट आठवते.