पाण्याची गाडी आणि पाइपातलं शिसं

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे पहाटे लातुरात पोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या वॅगन आधी कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन घेतल्या होत्या. बरोबरच आहे म्हणा, पिण्याचं पाणी आहे! पण एरवी आपलं पाणी ज्या पाइपातून येतं, तो कशाचा असतो हे आपण कधी विचारतो का?

नांदेडला मामाकडे पूर्वी लोखंडी पाइप होता. गंजाचं पाणी यायचं, मामी नळाला फडकं बांधायची. मग पीव्हीसी आला. स्वस्त, हलका, गंजत नाही. सगळे खूश.

आता थोडी केमिस्ट्री (कंटाळू नका). पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो येतो मिठातून. म्हणजे बाकी प्लॅस्टिकपेक्षा याला खनिज तेल कमी लागतं. घोळ पुढे आहे. पाइप बनवताना तापवला की पीव्हीसी विघटन पावून आम्ल सोडू लागतं. ते थांबवायला स्टॅबिलायझर घालतात आणि त्यातला स्वस्त म्हणजे शिशाचा. (प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आलाय. रोमन लोकांचे नळ शिशाचेच!) शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, हे आता सगळ्यांना मान्य आहे.

युरोपातल्या कंपन्यांनी २०१५ अखेर शिशाचे स्टॅबिलायझर बंद केले, म्हणजे आपली गाडी येण्याच्या चारच महिने आधी. कॅल्शियम-झिंकचा पर्याय होताच. आपल्याकडे केंद्राचे नियम निघाले २०२१ मध्ये. वॅगन धुतल्या, पाइप मात्र तेच.

घाबरून भिंती फोडू नका. शिसं जास्त सुटतं ते पाइप नवा असताना, पुढे कमी होत जातं. पण पाणी जितका वेळ पाइपात उभं राहील तितकं जास्त उतरतं, आणि लातूरसारख्या गावात नळ रोज कुठे येतो? पहिलं पाणी झाडांना घालावं, इतकं तरी करता येतं.

जमिनीखाली हा पाइप कित्येक दशकं टिकतो. गच्चीवर मात्र आपल्या उन्हात कडक होऊन तडकतो. गेल्या मे महिन्यात मामाने असे तुकडे बंबात जाळायला काढले होते! त्याचा धूर म्हणजे आम्ल आणि डायॉक्सिन. भांडून थांबवलं आणि तुकडे भंगारवाल्याला दिले.

घरी येताना डोक्यात आलं, तो भंगारवाला ते कुणाला विकणार? वितळवून नवीन पाइप झाला तर जुनं शिसं त्यात आलंच की.