मोठ्या कार्ब्युरेटरचा मोह

जुन्या गाडीचं इंजिन सुधारून घ्यायचं ठरलं की सल्ला देणाऱ्यांचं एका गोष्टीवर हमखास एकमत होतं. सिलिंडर बोअर केले, कॅम बदलला, हेडमधल्या वाटा मोकळ्या केल्या, म्हणजे आता कार्ब्युरेटर मोठा हवा. इंजिन जास्त हवा ओढणार, तर तिची वाटही तेवढी रुंद नको का? आणि थोडा जास्तच मोठा झाला तर बिघडलं कुठे, जेट बदलून जमवून घेता येतं. अमेरिकेत शेव्हरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाभोवती हे मत चांगलंच मुरलं आहे. १९६७च्या कॅमारोतून आलेलं, म्हणजे आपल्या भाषेत ५.७ लिटरचं, हे इंजिन पुढे असंख्य गाड्यांत गेलं. ते सुधारलं की वर मिनिटाला ७५० घनफूट हवेचा हॉली कार्ब्युरेटर चढवायचा, ही तिथल्या हौशी लोकांची जवळपास रीतच झाली.

मला हे मत उलटं वाटतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी कार्ब्युरेटर निवडताना जास्तीत जास्त हवेला तो पुरेल का, हा दुसरा प्रश्न आहे. कमीत कमी हवेत तो काम करेल का, हा पहिला. आणि इंजिन जितकं जास्त सुधारलेलं, तितका हा पहिला प्रश्न अवघड होत जातो.

मोठ्या कार्ब्युरेटरवाल्यांना गप्प करायला एक हिशेब नेहमी पुढे केला जातो. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. म्हणजे ३५० घनइंचांना, मिनिटाला ६,००० फेऱ्या धरल्या आणि सिलिंडर काठोकाठ भरले असं मानलं, तरी सुमारे ६०८ घनफूट हवा लागते. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या बऱ्या इंजिनाचे सिलिंडर ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात. मग उरले ५१६ घनफूट. तेव्हा ६००चा कार्ब्युरेटर पुरून उरतो, वाद मिटला!

वाद इतक्यात मिटत नाही. पूर्वपक्षाकडे याला चांगलं उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. ६०० हा आकडा काही कमाल मर्यादा नव्हे. चार तोंडांच्या कार्ब्युरेटरमधून, पाऱ्याच्या दीड इंच दाबाचा फरक ठेवला असता, जितकी हवा जाते तितका तो आकडा. (दोन तोंडांचे कार्ब्युरेटर तीन इंचांवर मोजतात. म्हणून ५०० लिहिलेला दोन-तोंडी चार-तोंडीच्या मापाने ३५४चाच भरतो. हे न बघता आकडे ताडून पाहणारे बरेच आहेत.) फरक आहे याचा अर्थ अडथळा आहे, आणि अडथळा म्हणजे तितकी पातळ हवा सिलिंडरात जाणार. मोठ्या कार्ब्युरेटरने हा अडथळा कमी होतो, हे निर्विवाद आहे.

प्रश्न किती कमी होतो, हा आहे. अडथळा हवेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५१६ घनफूट हवा ६००च्या कार्ब्युरेटरमधून जाताना पाऱ्याचा सुमारे १.१ इंच दाब खाते, ७५०च्या कार्ब्युरेटरमधून जाताना ०.७ इंच. वातावरणाचा दाब जवळपास ३० इंच. म्हणजे एकात पावणेचार टक्के तोटा, दुसऱ्यात अडीच टक्क्यांच्या आत. मोठ्या कार्ब्युरेटरची सगळी कमाई सव्वा टक्का, तीही पूर्ण दाबलेल्या पेडलवर, सहा हजार फेऱ्यांना. साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनात चार-साडेचार अश्वशक्ती.

या सव्वा टक्क्यासाठी काय मोजावं लागतं ते आता पाहू. कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबाच्या ओढीने फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. कार्ब्युरेटर हे मुळात हवा मोजण्याचं यंत्र आहे आणि ही ओढ म्हणजे त्याचं माप. तीही वेगाच्या वर्गाने चालते. कार्ब्युरेटरच्या आकड्याच्या प्रमाणात गळा रुंदावतो असं ढोबळमानाने धरलं, तर तीच हवा ६००ऐवजी ७५०च्या गळ्यातून जाताना ओढ ६४ टक्क्यांवर येते. सिग्नलवरून निघून २,००० फेऱ्यांना पेडल दाबलं, की तिथे आधीच हवा थोडी असते, त्यात ओढीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गेला. पेट्रोल उशिरा येतं, जाड थेंबांनी येतं, गाडी क्षणभर हबकते आणि मग उसळते. ही उसळी म्हणजेच ताकद असं पुष्कळांना वाटतं. आधीच्या खड्ड्यामुळे ती उंच भासते, इतकंच.

‘जेट बदलून जमवता येतं’ याचा निकाल इथेच लागतो. जेट पेट्रोलची वाट रुंद करतो, ओढ वाढवू शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाली पातळ पडतं म्हणून मोठा जेट घातला, तर वरच्या फेऱ्यांना मिश्रण दाट होतं, प्लग काळे पडतात आणि ज्या सव्वा टक्क्यासाठी खटाटोप केला तोही हातचा जातो.

आता सुधारलेल्या इंजिनाकडे येऊ, कारण पूर्वपक्षाची मुख्य भिस्त त्यावर आहे. तिखट कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. सहा हजारांना त्याचा फायदा होतो, पण हजार-दीड हजाराला पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह मिटलेला नसतो आणि आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग परत मॅनिफोल्डमध्ये ढकलला जातो. म्हणजे खालच्या फेऱ्यांना हे इंजिन मूळ इंजिनाहून कमी हवा घेतं. जिथे ओढ आधीच क्षीण, तिथेच कॅमने ती आणखी क्षीण केली. मूळ इंजिनाला आयडलिंगला १८ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम असतो, तिखट कॅमला तो दहावर येतो. हॉलीच्या पॉवर व्हॉल्व्हवर ६५ कोरलेलं असेल तर तो साडेसहा इंचांखाली उघडून जादा पेट्रोल सोडतो. व्हॅक्यूम आणखी पडणाऱ्या कॅमवर तो आयडलिंगलाच उघडतो, आणि मालक दिवसभर स्क्रू फिरवत बसतो.

खात्री करून घ्यायची असेल तर आयडलिंग लावलेला कार्ब्युरेटर उतरवून उलटा धरा. थ्रॉटलच्या पातीच्या कडेला भोकात एक बारीक उभी चीर दिसेल. पाती मिटलेली असताना तिचा पुढे डोकावणारा भाग साधारण चौकोनी असावा, रुंदीइतकीच उंची. तिखट कॅमचं इंजिन बंद पडू नये म्हणून आयडल स्क्रू आवळत नेलेला असेल तर ती चीर लांब रेघेसारखी उघडी पडलेली असते. मग पेट्रोल त्या चिरेतून येतं, आयडलचे मिश्रण-स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही, आणि पेडल किंचित दाबताच पुढचं पेट्रोल द्यायला चिरेत काही शिल्लक नसतं.

एक आक्षेप मात्र खरोखर मोलाचा आहे. जनरल मोटर्सने स्वतःच ३५०वर ७५० घनफुटांचा रॉचेस्टर क्वाड्राजेट बसवला. इतकंच काय, १९६६च्या पॉन्टिअ‍ॅकच्या २३० घनइंची सहा सिलिंडरांच्या स्प्रिंट इंजिनावरही क्वाड्राजेटच होता. कारखान्याला अक्कल नव्हती का? होती, आणि पुरेपूर होती. क्वाड्राजेटची पुढची दोन भोकं फक्त १ ३/८ इंचाची, मागची दोन तब्बल सव्वादोन इंचांची. मागच्या भोकांवर स्प्रिंगने धरलेलं हवेचं झाकण असतं आणि इंजिन ओढेल तितकंच ते उघडतं. शहरात गाडी चालते ती चिंचोळ्या पुढच्या भोकांवर. म्हणजे ज्याला मोठा कार्ब्युरेटर म्हणून साक्षीला आणलं, तो निम्मा वेळ लहान कार्ब्युरेटर आहे. व्हॅक्यूमवर मागची तोंडं उघडणाऱ्या हॉलीचंही तेच. ‘माझ्या ३५०वर ७५०चा मस्त चालतो’ म्हणणाऱ्याची मागची तोंडं बहुधा पूर्ण उघडतच नाहीत. लिंकेजने थेट उघडणाऱ्या ‘डबल पंपर’ला मात्र ही सोय नाही. तिथे मागची तोंडं किती उघडायची हे इंजिन ठरवत नाही, पाय ठरवतो.

वेबर कार्ब्युरेटरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझा हिशेब लागू करणं चूक ठरेल. एका सिलिंडरला एक गळा असेल तर हवा सलग वाहत नाही. चक्राच्या साधारण एक तृतीयांश वेळात सगळी ओढली जाते, म्हणून गळा सरासरीच्या मानाने बराच मोठा लागतो. पण वेबर ४५ डीसीओई घेतला म्हणजे ४५ मिलिमीटरचा गळा मिळाला असंही नाही. ४५ हे थ्रॉटलच्या भोकाचं माप, आतला चोक वेगळा आणि बदलता येणारा. एकाच कार्ब्युरेटरमध्ये ३४चा बसवा की ३८चा, दोन निराळी यंत्रं होतात. कुर्ल्यात बनलेल्या आपल्या पद्मिनीचं १०८९ घनसेंटिमीटरचं इंजिन ५,००० फेऱ्यांना, ८० टक्के भरलं तर, मिनिटाला ७७ घनफूट हवा घेतं. तिच्यावर वेबर चढवायची हौस असणाऱ्याने दुकानदाराला आधी चोकचा आकडा विचारावा, कार्ब्युरेटरच्या अंगावरचा नंतर.

शर्यतीचं इंजिन पाच हजारांखाली येतच नाही. त्याने खुशाल मोठा घ्यावा, सव्वा टक्का तिथे निकाल फिरवतो. आणि रस्त्यावरच्या ज्याला मोठ्याशिवाय करमतच नाही त्याने ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरकडे बघावं. एमजीबी गाडीच्या १७९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर दीड इंची दोन एसयू सुखाने चालले, कारण त्या कार्ब्युरेटरमधला पिस्टन हवेबरोबर वरखाली होतो आणि गळा स्वतःच लहानमोठा होतो.