डिक्सनचा लसूण आणि त्याचा पाट

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, एंबुडो नावाची लहान नदी पूर्वेकडच्या डोंगरातून उतरून रिओ ग्रांदेला मिळते. तिच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 6,000 फूट उंचीवर डिक्सन हे गाव आहे. मार्चच्या सुरुवातीला येथील एखाद्या लसणाच्या शेताचे छायाचित्र काढले, तर बाजारात दिसणारा लसूण त्यात कुठेच सापडत नाही. गड्डा अजून धरलेला नसतो. दिसते ती बोटभर उंचीची निळसर हिरवी पात, वाफ्यातली करडी माती, मागे निष्पर्ण कॉटनवुडची झाडे आणि शेताच्या वरच्या अंगाला पालापाचोळ्याने भरलेला कोरडा पाट. या चित्रातले विक्रीचे पीक जेमतेम अर्ध्या शतकाचे आहे. पाटाची परंपरा अठराव्या शतकातली. म्हणून येथील लसणाचा इतिहास पाटापासूनच सुरू करावा लागतो.

एंबुडो खोऱ्यात स्पॅनिश वसाहतकऱ्यांना 1725 मध्ये जमिनीची सनद मिळाली. पाऊस अत्यल्प, शेती चिंचोळ्या काठापुरती; त्यामुळे वस्तीबरोबरच पाट खणणे भाग होते. या पाटाला स्थानिक भाषेत ‘असेकिया’ म्हणतात. शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला, आणि पाणी वाटून घेण्याची रीतही मूरांच्या काळातल्या स्पेनशी नाते सांगणारी. पुएब्लो लोक मात्र त्याआधीपासूनच या प्रदेशात पाणी अडवून, वळवून शेती करत होते. नवी वस्ती अगदीच ओसाड भूमीवर उभी राहिली, असे समजणे चूक ठरेल.

पाटाच्या लाभधारकाला ‘पार्सियांते’ म्हणतात. हे सारे मिळून ‘मायोर्दोमो’ निवडतात. कोणाची पाण्याची पाळी केव्हा, किती वेळ, हे तो ठरवतो. फुटलेला बांध पाहणे आणि भांडणे मिटवणेही त्याच्याकडेच. खानदेशात पांझरेच्या काठच्या फड बागायतीतला पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मायोर्दोमो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. 1848 च्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. त्यानंतर 1851 आणि 1852 मध्ये नव्या प्रादेशिक विधिमंडळाने पाटांसंबंधी जे कायदे केले, त्यांत जुन्या रिवाजालाच मान्यता दिली. आजही राज्यात असे सुमारे 700 पाट चालू असल्याचे मानले जाते.

या रिवाजातला सर्वांत मोठा दिवस वसंताच्या तोंडावर येतो. पाणी सोडण्यापूर्वी पाट झाडून, खणून साफ करावा लागतो. प्रत्येक पार्सियांतेने आपल्या वाट्याच्या प्रमाणात माणूस पाठवायचा, नाहीतर त्याची मजुरी भरायची. मायोर्दोमो पाटाचे तुकडे आखून देतो. प्रत्येक जण आपल्या तुकड्यातला गाळ फावड्याने उपसतो, काठची विलोची झुडपे छाटतो, आणि सगळ्यांचे तुकडे झाले की रांग पुढे सरकते. हे हौसेचे श्रमदान नव्हे. पाण्यावरचा हक्क आणि पाटावरची मेहनत ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत.

सरकारनेही या खोऱ्याकडे पाण्याच्या निमित्तानेच पाहिले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नदीचा प्रवाह मोजायचे पहिले केंद्र 1889 मध्ये एंबुडोजवळ रिओ ग्रांदेवर उभारले. पश्चिमेतल्या कोरड्या जमिनीला किती पाणी पुरेल, हा त्यामागचा प्रश्न होता. पाटकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या नजरेने केलेली मोजणी आता वहीत उतरू लागली.

कॅमेरा आला तो मात्र पाण्यासाठी नव्हे. पॉल स्ट्रँड यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी उत्तर न्यू मेक्सिकोत छायाचित्रे काढली. रांचोस दे ताओसच्या मातीच्या चर्चचे भरीव आकार त्यांतले विशेष गाजलेले. ॲन्सेल ॲडम्स यांचे हर्नांडेझ गावावरचे चंद्रोदयाचे चित्र 1941 चे. त्यात अर्ध्याहून अधिक जागा आकाशाने व्यापली आहे. खाली चर्च, पांढरे क्रूस, दूरवर बर्फाची शिखरे. हर्नांडेझही पाटाच्या पाण्यावर जगणारे गाव, पण चित्रातल्या चंद्रावरून नजर पाटाकडे वळतच नाही. या थोर छायाचित्रकारांना न्यू मेक्सिकोचा प्रकाश दिसला, भूमी दिसली. शेती बहुधा त्यांच्या चौकटीबाहेर राहिली.

ती चौकटीत आणली पगारी सरकारी छायाचित्रकारांनी. मंदीच्या काळात ग्रामीण अमेरिकेची नोंद करण्यासाठी रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली 1935 पासून एक पथक काम करत होते. त्यातले रसेल ली जुलै 1940 मध्ये डिक्सनपासून फार दूर नसलेल्या चामिसाल आणि पेन्यास्को या गावांत आले. घराच्या मातीच्या भिंती लिंपणाऱ्या बायका, घरांचे अंतर्भाग, शेतीची कामे असे रोजचे जगणे त्यांनी टिपले. काळोख्या खोल्यांत फ्लॅश वापरण्यात ली यांचा हातखंडा होता. जानेवारी 1943 मध्ये जॉन कॉलियर यांनी ट्राम्पास गावातल्या एका कुटुंबाचे हिवाळ्यातले जीवन टिपले. या पथकाच्या निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. वर नमूद केलेल्या दोन दौऱ्यांपैकी एक भर उन्हाळ्यातला, दुसरा ऐन थंडीतला. पाट साफ करण्याचा हंगाम दोन्हींत निसटला.

लसूण स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिका खंडात आला. डिक्सनमध्ये तो विक्रीचे पीक म्हणून नावारूपाला आला, त्याचे मोठे श्रेय स्टॅन्ली क्रॉफर्ड यांना जाते. हे कादंबरीकार 1960 च्या दशकाच्या अखेरीस पत्नीसह येथे स्थायिक झाले, त्यांनी विटामातीचे घर स्वतः बांधले आणि काही एकरांत लसूण व भाजीपाला पिकवून सांता फेच्या शेतकरी बाजारात विकला. गावच्या पाटाचे मायोर्दोमोपदही त्यांच्याकडे आले. त्या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक 1988 मध्ये निघाले आणि लसणावरचे ‘अ गार्लिक टेस्टमेंट’ 1992 मध्ये. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी पाट, मग लसूण.

त्या काळी अमेरिकी जनतेच्या डोळ्यांसमोरचा लसूण कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयचा होता. तेथे 1979 पासून लसणाची जत्रा भरू लागली आणि पांढऱ्या गड्ड्यांच्या वेण्या हेच लसणाचे चित्र होऊन बसले. पुढे चीनमधून स्वस्त लसूण येऊ लागला. 1994 मध्ये अमेरिकेने त्यावर 376.67 टक्क्यांपर्यंतचे प्रतिबंधक शुल्क लावले, तरी आयात थांबली नाही. क्रॉफर्ड यांनी 2014 मध्ये एका मोठ्या निर्यातदाराला मिळणाऱ्या शुल्क सवलतीच्या फेरतपासणीची मागणी केली आणि वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांत ते ओढले गेले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा छोट्या लसूण-शेतीशी निगडित असलेली सेंद्रिय शेतीची कायदेशीर व्याख्याही याच काळातली. केंद्रीय कायदा 1990 चा, त्याचे नियम पूर्णपणे लागू झाले 2002 मध्ये. पीक काढण्याआधीची तीन वर्षे जमिनीवर निषिद्ध रसायन पडलेले नसावे, ही त्यातली मुख्य अट. वर्षाला 5,000 डॉलरपर्यंतच सेंद्रिय माल विकणाऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. छोट्या शेतकऱ्याला त्यामुळे कागदपत्रांपेक्षा जमिनीकडे अधिक लक्ष देता येते: शेणखत, पेंढ्याचे आच्छादन आणि कांदा-लसूण त्याच वाफ्यात लागोपाठ न घेण्याची शिस्त.

वसंतातल्या चित्रात हे सगळे पातीच्या आडून दिसते. येथे लसूण शरदात लावतात, कारण थंडीचा मुक्काम झाल्याशिवाय गड्ड्यात पाकळ्या नीट पडत नाहीत. थंडी न मिळाल्यास एककळी गड्डा निघतो. लसूण पाकळीपासूनच वाढत आल्याने वाफ्यातले प्रत्येक रोप कोणत्या तरी जुन्या गड्ड्याचाच पुढचा तुकडा असते. पात चपटी आणि उभी असल्यामुळे वरून काढलेल्या चित्रात ती नुसत्या रेघांसारखी उमटते. कॅमेरा मातीपाशी नेला आणि सकाळचे तिरपे ऊन समोरून घेतले, तर पानातून प्रकाश आरपार येतो आणि कडेवरचे दव टिपता येते. सूर्य वर चढला की हे दृश्य संपते.

पाट साफ झाल्यावर बांधाचे दार उघडतात. पहिल्या लोंढ्यापुढे काटक्या, पाने आणि फेस तरंगत येतो. मागून गढूळ पाणी, आणि त्यामागे फावडे घेऊन, तुंबलेले मोकळे करत चालणारा मायोर्दोमो. मिरची आणि मका अजून पेरलेले नसतात. या पाण्याची पहिली पाळी घेणाऱ्या पिकांत लसूण असतो.